परसबागेचे खत : काय, किती आणि कोणासाठी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आपल्यासमोर संतसाहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. त्यांच्यामागून आम्ही खतावर बोलण्यास उभे आहोत, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. कार्यवाहांनी आमची निवड का केली, हे कोडे आम्हांस काही दिवस उलगडले नव्हते. पुढे कळले की, गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या पन्ह्यासरबताची लिंबे आमच्या परसातील होती, आणि तेवढ्यावरून आमची तज्ज्ञांत गणना झाली.

वास्तविक आमचा कृषिशास्त्राशी संबंध नाही. आम्ही बी. ए. आहोत, तेही इतिहास घेऊन. आणि उभी हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत टिपणे लिहिण्यात गेली. मात्र गेल्या वीस वर्षांत सरकारी निवासस्थानांच्या मागील दारी आम्ही भाजीपाला आणि फळझाडे लावीत आलो, आणि त्यांत चुका भरपूर केल्या. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरामागे चार वाफ्यांची जागा आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्या गच्चीवर कुंड्या आहेत. रोपवाटिकेत गेले की खतांच्या रंगीबेरंगी पुड्यांपुढे आपण सारेच गोंधळून उभे राहतो. तेव्हा आमच्या चुकांचा उपयोग आपणांस व्हावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

2004 साली आमची दिल्लीस प्रथम बदली झाली. निवासस्थानाचा ताबा घेताना पंखे, दिवे, नळ यांची यादी करून आम्ही तिच्यावर सही केली. परसात एक कागदी लिंबाचे झाड होते आणि कोपऱ्यात पालापाचोळ्याने भरलेला एक खड्डा होता. या दोहोंची नोंद यादीत नव्हती. लिंबू आम्हांस आवडले. खड्डा मात्र घाण वाटला, म्हणून पहिल्याच रविवारी माणूस लावून तो उपसला आणि पाचोळा बाहेर टाकून दिला. पूर्वीच्या रहिवाशाने दोन-तीन वर्षे जपून तयार केलेले ते काळेभोर खत होते, हे समजण्याइतके ज्ञान आम्हांस तेव्हा नव्हते.

त्या हिवाळ्यात आम्ही टोमॅटो लावले. दुकानदाराने युरिया दिला. पांढरे स्वच्छ दाणे, किंमत अगदी थोडी आणि परिणाम आठवड्याच्या आत दिसणारा. दर पंधरवड्यास प्रत्येक रोपाला दोन चमचे या प्रमाणात आम्ही तो घालीत राहिलो. रोपे कमरेच्या वर गेली, पाने तळहाताएवढी झाली. शेजारीपाजारी कौतुक करू लागले. फुले मात्र मोजकीच आली आणि फळे त्याहूनही मोजकी. बारा रोपांपासून सबंध हंगामात जेमतेम तीन किलो टोमॅटो मिळाले. पाने खाता येत असती तर आम्ही वसाहतीस पुरविली असती!

दुसरी चूक अधिक बोलकी आहे. आमच्या मातोश्री रत्नागिरीकडच्या. त्यांनी पत्राने कळविले, "झाडांना चुलीची राख घालीत जा, फळ धरेल." आमच्याकडे चूल नव्हती, पण कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडून आम्ही लाकडाची राख आणविली आणि वर्षभर भक्तिभावाने घातली. मातोश्रींचा सल्ला खोटा नव्हता. कोकणची जांभ्याची माती पावसाने धुपून आम्लधर्मी झालेली असते. राखेतील क्षार तिला मानवतात आणि पालाशही मिळते. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी रीत तेथे आहे, ती काही उगीच नव्हे. परंतु दिल्लीची माती यमुनेच्या गाळाची, चुनखडीचा अंश असलेली आणि मूळचीच अल्कधर्मी. त्यातून कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आणि मचूळ. अशा मातीस राख घालणे म्हणजे खारट आमटीत आणखी मीठ टाकणे होय. वर्षाच्या शेवटी आमचे लिंबू पिवळे पडले.

आम्ही काय केले असेल? पिवळेपणा पाहून आणखी युरिया घातला! अखेर वसाहतीतील एका वयोवृद्ध पंजाबी सद्गृहस्थांना झाड दाखविले. त्यांचा गावी पूर्वी फळबाग होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, झाड खालून पिवळे होते आहे, की वरून?" आम्ही तोपर्यंत इतके निरखून पाहिलेच नव्हते.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांस पुरविते. म्हणून आधी खालची, जुनी पाने सबंध पिवळी होतात. लोह किंवा जस्त कमी पडले तर झाडाला ते जुन्या पानांतून सहजासहजी हलविता येत नाही. म्हणून वरची कोवळी पाने पिवळी होतात, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. आमचे झाड वरून पिवळे होते. मातीत लोह व जस्त बहुधा होते, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना मिळण्याजोग्या रूपात राहत नाही. राखेने ती कोंडी अधिकच घट्ट केली होती. तेव्हा झाडाला युरियाची भूक नव्हतीच. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 2.5 ग्रॅम विरलेला चुना, अशी फवारणी आम्ही पानांवर केली; लोहासाठी फेरस सल्फेटची सौम्य फवारणी वेगळी केली. राख बंद केली, कुजलेले शेणखत सुरू केले. नवी पालवी हिरवी आली, आणि पुढल्या वर्षी लिंबे धरली.

या अनुभवानंतर आम्ही प्रथमच माती तपासून घेतली. हे काम बियाणे आणण्यापूर्वी करावयाचे असते. परसातील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, सुमारे 15 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने कापून घ्यावी. सर्व माती एकत्र मिसळून, सावलीत वाळवून त्यातील अर्धा किलो नमुना कृषी संस्थेच्या प्रयोगशाळेत द्यावा. खताच्या ढिगाजवळची किंवा नुकतेच खत घातलेल्या वाफ्यातील माती घेऊ नये. शेतकऱ्यांसाठी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना केंद्र सरकारने 2015 साली सुरू केली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

आमचा अहवाल आला : सामू 8.2, सेंद्रिय कर्ब 0.34 टक्के, पालाश पुरेसे. सामू 7 म्हणजे उदासीन; बहुतेक भाज्यांना 6.5 ते 7.5 मानवतो. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांहून कमी असल्यास माती कमकस समजतात, 0.75 च्या वर असल्यास चांगली. म्हणजे आमच्या मातीस जे हवे होते ते आम्ही खड्ड्यातून उपसून फेकले होते, आणि जे नको होते ते विकत आणून घातले होते.

पुढे 2009 साली आमची शिलाँगला बदली झाली. तेथील माती आम्लधर्मी, आणि दिल्लीचा धडा तेथे उलटा वाचावा लागला. तेथे थोडा चुना आणि राख उपयोगी पडली. तेव्हापासून कोणी "अमुक खत चांगले का?" असे विचारले की आम्ही प्रथम "कोणत्या मातीला?" असे विचारतो.

आता प्रत्यक्ष खतांकडे वळू. रासायनिक खतांचे नियंत्रण 1985 च्या खत नियंत्रण आदेशान्वये होते, आणि गोणीवर अन्नद्रव्यांचे प्रमाण छापलेले असते. अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश असे ते तीन आकडे होत. युरियात 46 टक्के नत्र असते, इतर काही नाही. डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद आणि जोडीला गंधक व कॅल्शियम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश. पुडीवरील टपोऱ्या फळाच्या चित्राकडे न पाहता हे आकडे पाहावेत. स्थूलमानाने नत्राने पाने वाढतात, स्फुरदाने मुळे आणि फुलोरा, पालाशाने फळांची प्रत आणि झाडाची काटकता. म्हणून पालकाला जे मानवते तेच टोमॅटोला अति झाले की घातक ठरते.

आणखी एक गोष्ट सरकारी नोकर या नात्याने नमूद करावीशी वाटते. एप्रिल 2010 पासून स्फुरद व पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याचे धोरण आले आणि त्यांच्या किमती वाढल्या. युरियाची किंमत मात्र सरकारने बांधलेलीच ठेवली. स्वस्त म्हणून युरिया जास्त पडतो, हे देशभरच्या शेतांत घडले, तसेच आमच्या बारा रोपांच्या वाफ्यातही घडले. त्यास दुकानदार जबाबदार नव्हता. आम्ही हिशेबच केला नव्हता.

तो हिशेब आता आपल्यासमोर मांडतो. टोमॅटोसाठी हेक्टरी सुमारे 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 60 किलो पालाश, असे प्रमाण धरू; प्रांताप्रमाणे आणि जातीप्रमाणे ते बदलते. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर; तेव्हा चार चौरस मीटरच्या एका वाफ्यास 48 ग्रॅम नत्र लागेल. हेक्टरी 25 टन शेणखत, म्हणजे या वाफ्यास 10 किलो. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरल्यास त्यातून 50 ग्रॅम मिळाले. पण ते सारे एकदम मिळत नाही. पहिल्या पिकास त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 16 ग्रॅम मिळतात असे मानावे. उरले 32 ग्रॅम. त्यासाठी युरिया हवा 70 ग्रॅम, तोही तीन हप्त्यांत : लावणीच्या वेळी, महिन्याने, आणि पुढे पंधरा-वीस दिवसांनी. एका हप्त्यास जेमतेम 23 ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे, आणि तेही सबंध वाफ्यात पसरून. आम्ही त्या पहिल्या हंगामात सुमारे साडेपाचशे ग्रॅम घातला होता, म्हणजे जवळजवळ आठपट! हा हिशेब ज्या रात्री केला, त्या रात्री आमची आम्हांलाच लाज वाटली. 45 किलोची एक गोणी अशा सहाशेहून अधिक वाफ्यांना पुरेल. परसबागेस गोणी लागत नाही. किलोभर पुडी हंगाम काढते.

स्फुरदासाठी आम्ही डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट पसंत करतो. त्यातील गंधक आपल्या चुनखडीच्या मातीस हितकारक आहे, आणि कांदा-लसूण, मोहरी, कोबी यांना तर ते विशेष लागते. टोमॅटोच्या या वाफ्यास 150 ग्रॅम पुरतात. स्फुरद मातीत फारसे हलत नाही. म्हणून ते वर न भुरभुरता लावणीपूर्वी मुळांच्या पातळीवर मिसळावे. पालाश आमच्या मातीत पुरेसे होते, शिवाय शेणखतातून मिळते; म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश आम्ही विकत घेत नाही. युरिया घातल्यावर तो मातीने झाकून लगेच पाणी द्यावे. अल्कधर्मी मातीच्या पृष्ठभागावर तो तसाच राहिला तर त्यातील नत्र अमोनिया होऊन हवेत जाते.

हाडांच्या खताचीही कीर्ती मोठी आहे. आम्लधर्मी मातीत ते हळूहळू विरघळते आणि उपयोगी पडते. आपल्याकडील मातीत ते वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच पडून राहते. येथे त्यावर पैसा घालू नये. निंबोळी पेंड मात्र आम्ही लावणीच्या वेळी आवर्जून वापरतो. ती नत्र सावकाश देते आणि मुळांजवळच्या किडीसही आळा घालते. ताजे शेण कधीही घालू नये. ते मातीत कुजताना उष्णता निर्माण करते, वाळवी आणि हुमणीस आमंत्रण देते, आणि तणांचे बी घेऊन येते. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत लागले पाहिजे आणि त्यास शेणाचा वास येता कामा नये.

फळझाडांची पद्धत थोडी निराळी. झाडाच्या बुंध्याशी खत टाकण्याची आपणांस सवय असते. पण अन्न घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात. तेथे आळे करून खत द्यावे. उत्तर भारतात लिंबवर्गीय झाडांना डिसेंबरात शेणखत, फेब्रुवारीत फुलोऱ्यापूर्वी नत्राचा पहिला हप्ता आणि फळ धरल्यानंतर एप्रिलात दुसरा, असा क्रम चालतो. आमच्या लिंबास तो लागू पडला आहे.

आता त्या खड्ड्याकडे परत येऊ. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. शेतातील काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर देऊन, ढीग ठराविक दिवसांनी तीनदा उलथून तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत त्यांनी तेथे बसविली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. 1931 साली त्यावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव आहे, ते यशवंत वाड यांचे. हे नाव आम्ही प्रथम वाचले तेव्हा, महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त आयुष्य काढलेल्या आम्हांस किती आनंद झाला, हे या सभागृहात तरी निराळे सांगावयास नको. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या, भोके ठेवलेल्या टाक्याची नाडेप पद्धत शोधली. ती त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते, आणि तीत थोड्या शेणात पुष्कळ खत होते.

परसात एवढा खटाटोप नको. आम्ही एक मीटर लांब-रुंद आणि गुडघाभर खोल खड्डा घेतो. वीतभर वाळलेली पाने, त्यावर भाजीची देठे-साली, त्यावर मातीचा आणि शेणकाल्याचा हात, असे थर देतो. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवतो. अधिक झाली की दुर्गंधी येते, कमी झाली की कुजणे थांबते. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग उलथतो. शिजविलेले अन्न, तेलकट पदार्थ त्यात घालीत नाही. चिमूटभर राख येथे चालते. वाफ्यावर चालत नाही. दिल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा कच्च्या मालाची ददात नसते. 2015 साली राष्ट्रीय हरित अधिकरणाने दिल्लीत पाने व कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड ठरविला. आमच्या वसाहतीतील झाडूवाले तेव्हापासून पानांची पोती आमच्या दाराशी आणून ठेवतात, आणि तीही धन्यवादपूर्वक!

कोणी म्हणतील, सेंद्रिय चांगले की रासायनिक, याचा निकाल आपण दिलाच नाही. आमच्या मते हा वादाचा विषय होऊ नये. मुळे दोन्हींतले नत्र जवळजवळ एकाच रूपात घेतात. फरक आहे तो कालावधीचा. युरिया या महिन्याच्या पिकास पोसतो. कुजलेले खत मातीस पोसते, तिचा पाणी धरण्याचा गुण वाढविते, कोंडलेले लोह आणि जस्त मोकळे होण्यास साहाय्य करते. पण त्याचे फळ दोन-तीन वर्षांनी दिसते. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाची अडचण नेमकी येथे आहे. तीन-चार वर्षांनी सोडावयाच्या घरात माती कोणासाठी सुधारावी? आम्ही 2004 साली युरिया घातला त्यामागे अज्ञान होते, हे खरे, परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर "आपल्याला येथे कुठे राहायचे आहे?" हा विचारही होता.

त्या पहिल्या घरातील लिंबे आम्ही चार वर्षे खाल्ली. ते झाड लावणाऱ्यास आम्ही कधी पाहिले नाही, त्यांचे नावही आम्हांस ठाऊक नाही. त्यांना बहुधा त्याचे एकही लिंबू मिळाले नसावे. आणि त्यांनी मागे ठेवलेला खड्डा तर आम्ही एका रविवारी रिकामा करून टाकला. ही गोष्ट आम्हांस अजून टोचते.

सध्याच्या निवासस्थानी आम्ही 2014 पासून आहोत. येथेही माती पहिल्या घरासारखीच होती, वर बांधकामाचा राडारोडा. दरवर्षी वाफ्यांत खड्ड्यातील खत घालीत गेलो. गेल्या वर्षी पुन्हा माती तपासली, तेव्हा सेंद्रिय कर्ब 0.58 टक्के भरला. दहा वर्षांची मजुरी म्हणून हा आकडा लहान दिसतो. आम्हांस मात्र तो कोणत्याही बढतीच्या आदेशाहून अधिक मोलाचा वाटतो. दोन वर्षांनी आम्ही सेवानिवृत्त होऊ आणि हे घर सोडू. ताब्याच्या यादीत पंखे, दिवे आणि नळ लिहिले जातील. आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले आहे की, खड्ड्यापाशी एक पाटी लावून ठेवावी : "हा कचरा नव्हे. कृपया टाकू नये." पाटी आम्ही रंगवून ठेवली आहे, हिंदीत आणि इंग्रजीत.

मंडळास आज पन्नास वर्षे पूर्ण झाली. पहिल्या वर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्यांपैकी आज येथे फारच थोडे आहेत, आणि आपण मात्र या सभागृहाच्या सावलीत बसलो आहोत. यापुढे काही अधिक सांगावे असे आम्हांस वाटत नाही. येत्या पानगळीत आपण एक खड्डा घ्यावा, आणि युरियाची पुडी उघडण्यापूर्वी एकवार वजनकाटा काढावा, एवढी विनंती आहे.